प्राध्यापक व्हायचंय, मग एक्स्चेंजला कधी, कुठे आणि कशासाठी जावं? सोलापूरच्या संशोधक विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यात पीएच.डी., एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. करत असलेल्या आणि पुढे शिकवायचंच असं ठरवलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. नियम आणि मुदती बदलत असतात. अर्ज भरायला बसाल त्या दिवशी मूळ अधिसूचना आणि जाहिरात स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नका.

एक्स्चेंज म्हणजे नेमकं काय?

आपल्या विद्यापीठातली नोंदणी तशीच ठेवून ठरावीक काळ दुसऱ्या संस्थेत शिकणं, संशोधन करणं किंवा शिकवायला शिकणं. पदवी आपल्याच विद्यापीठाची मिळते. दोन विद्यापीठांनी मिळून द्यायच्या जॉइंट किंवा ड्युअल पदवीचा मामला वेगळा असून त्यासाठी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे स्वतंत्र विनियम आहेत. तीन-चार महिने बाहेर जाणाऱ्याला त्यात शिरायची गरज नाही. आणि परिषदेत पंधरा मिनिटांचा पेपर वाचून परत येणं म्हणजेही एक्स्चेंज नव्हे.

संशोधनासाठी जाणं समजतं. पण शिकवण्याच्या नोकरीशी याचा काय संबंध?

पीएच.डी. माणसाला संशोधक बनवते, शिक्षक बनवतेच असं नाही. अमेरिकेत हीच तक्रार होती. डॉक्टरेट करणारे विद्यार्थी मोठ्या संशोधन विद्यापीठात घडायचे आणि नोकरी मात्र छोट्या कॉलेजात लागायची, जिथे आठवड्याचे तास, विद्यार्थ्यांची तयारी, समित्यांची कामं असं सगळंच वेगळं होतं. म्हणून १९९३ मध्ये तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्स आणि असोसिएशन ऑफ अमेरिकन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या दोन संघटनांनी मिळून ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ हा उपक्रम सुरू केला. पीएच.डी. देणारं एक विद्यापीठ आणि आजूबाजूची वेगवेगळ्या प्रकारची कॉलेजं यांचा गट करायचा. विद्यार्थ्याने त्या कॉलेजात जायचं, तिथल्या एका अध्यापकाच्या हाताखाली राहून वर्ग पाहायचे, एखादा घटक शिकवायचा, विभागाच्या बैठकीला बसायचं.

आपल्याकडे याला नियमाचा आधार आहे, पण तो फारसा कोणी वाचलेला नसतो. यूजीसीच्या पीएच.डी. विनियम २०२२ नुसार कोणत्याही विषयाच्या संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाशी निगडित अध्यापन, अध्यापनशास्त्र किंवा लेखन यांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे. शिवाय ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी त्याला आठवड्याला ४ ते ६ तासांचं काम देता येतं. एक्स्चेंजच्या अर्जात अध्यापनाचा भाग घालताना या तरतुदीचा उल्लेख जरूर करा. समितीतला कोणी ‘शिकवायला कशाला जायचं, संशोधन करा’ म्हणाला, तर उत्तर हाताशी राहतं.

प्राध्यापकी ती प्राध्यापकी. त्यात प्रकार कसले?

बरेच आहेत, आणि कुठे जायचं हे त्यावरच ठरतं. सोलापुरातच पाहा. केगावला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे पदव्युत्तर विभाग आहेत. शहरात संगमेश्वरसारखं स्वायत्त कॉलेज आहे, जिथे अध्यापकाला स्वतः अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका घडवाव्या लागतात. बार्शी, पंढरपूर, सांगोला, अकलूजकडची अनुदानित कॉलेजं आहेत, तिथे प्रथम वर्षाच्या वर्गात शंभराच्या आसपास मुलं असू शकतात. अभियांत्रिकीला एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचे, निकष लागतात. तिथे सहायक प्राध्यापक व्हायला नेट लागत नाही, पण बी.ई. आणि एम.ई. दोन्ही लागतात आणि त्यांपैकी एकात प्रथम श्रेणी लागते. बी.एड. कॉलेजला एनसीटीईचे, म्हणजे शिक्षक शिक्षण परिषदेचे. केगावलाच राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञ पदाची भरती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या यंत्रणेतून होते आणि तिची परीक्षाही वेगळी असते.

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असतं. विद्यापीठ विभागात त्यातले बरेचसे तास पदव्युत्तर मुलांसोबत जातात. तालुक्याच्या कॉलेजात तेच तास पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर, त्यात एनएसएस, नॅकचा अहवाल आणि प्रवेश समिती. ज्याला तालुक्यात नोकरी करायची आहे त्याने सहा महिने एखाद्या विख्यात प्रयोगशाळेत काढले, तर पेपर होईल; वर्ग हाताळायला तो तिथे शिकणार नाही.

म्हणजे परदेशी जाऊ नये?

जावं, पण तोच एक रस्ता आहे असं समजू नये. कलबुर्गी सोलापूरहून रेल्वेने साधारण ११० किलोमीटर. तिथे गुलबर्गा विद्यापीठ आहे, जवळच कडगंचीला कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ. हैदराबादला केंद्रीय विद्यापीठ, इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ) आणि मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ. सोलापूरच्या वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणारी मुलं एकाच बाकावर बसतात. अशा वर्गाला शिकवण्याची रीत हैदराबादला जितकी शिकायला मिळेल तितकी जर्मनीतल्या हायडेलबर्गला मिळणं अवघड.

विज्ञानवाल्यांसाठी पुण्याचं आयुका, इंदूरचं यूजीसी-डीएई केंद्र, दिल्लीचं आययूएसी ही आंतरविद्यापीठीय केंद्रं खास विद्यापीठांतल्या लोकांसाठीच उभी केली आहेत. तीन विज्ञान अकादमींची मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते. ती पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही मिळते. पहिला एक्स्चेंज देशात आणि दुसरा बाहेर, हा क्रम आमच्या मते सगळ्यात फायद्याचा. देशातल्या एक्स्चेंजमधून आलेलं शिफारसपत्र परदेशी अर्जाला जोडता येतं.

परदेशी जायच्या योजना कोणत्या?

*फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च फेलोशिप.* भारतात पीएच.डी.ला नोंदणी असलेल्यांसाठी, अमेरिकेत ६ ते ९ महिने. अर्ज यूसिफमार्फत, म्हणजे अमेरिका-भारत शैक्षणिक प्रतिष्ठानामार्फत. अर्ज करण्याआधी नोंदणीला पुरेसा काळ झालेला असावा लागतो, म्हणून पहिल्या वर्षातच अर्ज करायची घाई नको.

*डाड.* जर्मनीच्या या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती १ ते ६ महिन्यांची असते. दोन्ही देशांत मार्गदर्शक ठेवून पीएच.डी. करायचीही वेगळी योजना आहे.

*रामन-शार्पाक.* भारत आणि फ्रान्स यांच्यातली, विज्ञान शाखांच्या डॉक्टरल विद्यार्थ्यांसाठी, काही महिन्यांची. सेफिप्रा ही संस्था चालवते.

*इरॅस्मस प्लस.* युरोपीय संघाची योजना. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. यात विद्यार्थ्याला ब्रुसेल्सकडे थेट अर्ज करता येत नाही. आपलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांच्यात आंतरसंस्था करार असेल, तरच जागा असतात. डॉक्टरल विद्यार्थ्याला ५ ते ३० दिवसांचा छोटा किंवा २ ते १२ महिन्यांचा मोठा मुक्काम करता येतो. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात जाऊन ‘इरॅस्मस आहे का’ असं विचारू नका. ‘कोणत्या विद्यापीठाशी करार आहे, कोणत्या विषयासाठी, कोणत्या वर्षापर्यंत’ असं विचारा. सामंजस्य करारावर सही झालेली असते, फोटोही छापून आलेला असतो, पण त्यात विद्यार्थ्यांच्या जागा आणि पैसे यांचा उल्लेखच नसतो, असं बऱ्याचदा होतं.

मी एम.एस्सी.ला आहे. मलाही जाता येईल का?

येईल, पण सत्राच्या चौकटीत. तिकडे केलेल्या विषयांचे क्रेडिट इकडे धरले जाणार असतील, तर ते जाण्यापूर्वी विषयवार लिहून मान्य करून घ्या आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये आपलं खातं सुरू आहे ना ते बघा. परत आल्यावर ‘हा पेपर आमच्या पेपरशी जुळत नाही’ असं ऐकावं लागलं, तर एक सत्र वाया जातं.

पीएच.डी.च्या कोणत्या टप्प्यावर जावं?

कोर्सवर्क (किमान १२ क्रेडिट) संपून विषय मान्य झाल्यावर, आणि प्रबंध लिहायला बसण्याआधी. बहुतेकांसाठी हे दुसरं वर्ष संपताना ते चौथ्या वर्षाच्या मध्यापर्यंत येतं. त्याआधी गेलात तर कोणाला काय विचारायचं तेच ठरलेलं नसतं. फार उशिरा गेलात तर तिकडून आणलेल्या नव्या माहितीसाठी प्रकरणं पुन्हा उघडावी लागतात.

एक्स्चेंजच्या काळात पीएच.डी.चं घड्याळ थांबत नाही. किमान ३ वर्षं, कमाल ६, पुनर्नोंदणी करून आणखी २. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. महिलांना पूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजाही मिळते. ती रजा आणि एक्स्चेंज या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, एकाच अर्जात मिसळू नका.

आता सगळ्यात जास्त पाहिली जाणारी चूक. आपल्या उन्हाळी सुट्टीत, म्हणजे मेमध्ये, लोक अमेरिकेला जातात. तिथलं स्प्रिंग सत्र जानेवारी ते मे असतं, फॉल ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत. मे-जूनमध्ये नेहमीचे वर्ग नसतात, प्राध्यापकही बाहेर असतात. जर्मनीत व्याख्यानं साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि एप्रिल ते जुलै. मार्चमध्ये किंवा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेलात तर प्रयोगशाळा उघडी मिळेल, वर्ग रिकामे. वर्ग पाहायचे असतील तर सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी पोचा. अभ्यासक्रमाची आखणी आणि शिकवणी-साहाय्यकांचं प्रशिक्षण त्याच आठवड्यात होतं.

परवानग्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या?

आधी मार्गदर्शक. मग संशोधन सल्लागार समिती. ती प्रत्येक सत्रात प्रगतीचा आढावा घेते, त्याच बैठकीत विषय मांडा. त्यानंतर केंद्रप्रमुखांच्या किंवा विभागप्रमुखांच्या सहीने विद्यापीठाच्या पीएच.डी. विभागाकडे अर्ज आणि एनओसी. फेलोशिप घेत असाल तर ती देणाऱ्या संस्थेला वेगळं पत्र. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करत असाल तर कॉलेजच्या व्यवस्थापनाची रजा मंजुरी, आणि ती लेखी.

हे सगळं उरकायला तीन-चार महिने धरा. अडकतं ते बहुधा दोन ठिकाणी. एक, अर्जात तारखा नसतात, नुसतं ‘सहा महिन्यांकरिता’ असं लिहिलेलं असतं. दोन, जाण्याचं कारण ‘संशोधनासाठी’ एवढंच असतं. प्रबंधाच्या कोणत्या प्रकरणासाठी कोणतं काम इथे होऊ शकत नाही, हे चार ओळींत लिहा. कागद झटकन पुढे सरकतो.

तिकडच्या प्राध्यापकाचं आमंत्रणपत्र कसं मिळवायचं?

ईमेल दोनशे शब्दांच्या आत ठेवा. त्यांचा अलीकडचा एक लेख वाचून त्यातल्या एका मुद्द्यावर नेमका प्रश्न, आपल्या विषयाची दोन वाक्यं, किती महिने आणि कोणत्या सत्रात यायचं आहे, आणि खर्च कोण देणार. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. तिकडच्या माणसाला पहिली शंका तीच येते. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होणारं आणि पन्नास जणांना एकदम पाठवलेलं पत्र ओळखू येतं.

आमंत्रणपत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवं. त्यात तारखा, कामाचं स्वरूप, बसायची जागा किंवा प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाची सोय, शुल्क लागणार नसल्याचा उल्लेख आणि सही. यात एक वाक्य आवर्जून घालायला सांगा: अमुक अभ्यासक्रमाचे वर्ग पाहण्याची आणि एक-दोन पाहुणी सत्रं घेण्याची मुभा असेल. आधी कागदावर आलं नाही, तर पोचल्यावर मागायला संकोच वाटतो आणि मग ते राहूनच जातं.

तिथे पोचल्यावर शिकवण्याचं काय शिकायचं? नुसतं मागे बसून बघायचं?

चार महिन्यांचा मुक्काम धरून एक आराखडा.

पहिल्या महिन्यात सात-आठ वर्ग पाहा, पण दोन-तीन वेगवेगळ्या अध्यापकांचे. एक मोठं व्याख्यान, एक चर्चावर्ग, एक प्रयोगशाळा. टिपताना विषयाचा मजकूर टिपू नका, तो पुस्तकात आहे. पहिल्या पाच मिनिटांत काय झालं, प्रश्न विचारल्यावर अध्यापक किती वेळ गप्प राहिला, मागच्या रांगेतली मुलं कधी बोलायला लागली, हे टिपा.

दुसऱ्या महिन्यात मूल्यमापन. तिकडे उत्तर तपासायच्या आधी गुणदानाचा तक्ता तयार असतो: मांडणीला इतके, पुराव्याला इतके, भाषेला इतके. विद्यार्थ्यांची नावं झाकलेल्या पाच-सहा उत्तरांना तुम्ही स्वतंत्रपणे गुण द्या, मग अध्यापकाच्या गुणांशी ताडून पाहा. फरक कुठे पडला त्यावर अर्धा तास बोला. सगळ्या एक्स्चेंजमधला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच असतो, असं आमचं मत आहे.

तिसऱ्या महिन्यात एखादं सत्र घ्या आणि यजमान अध्यापकाला मागे बसवून लेखी अभिप्राय घ्या. मानधन मात्र घेऊ नका. व्हिसाच्या प्रकारानुसार पैसे घेऊन शिकवणं बेकायदा ठरू शकतं. विनामूल्य व्याख्यानासाठीही तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला आधी विचारा.

चौथ्या महिन्यात दुसऱ्या प्रकारची संस्था बघा. यजमान मोठं विद्यापीठ असेल तर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दोन दिवस घालवा. तिथली मुलं काम करून शिकतात, घरातली पहिलीच कॉलेजात आलेली असतात. त्यांना शिकवणाऱ्याच्या अडचणी मंगळवेढ्याच्या किंवा करमाळ्याच्या अध्यापकाला लगेच ओळखीच्या वाटतील.

संशोधनाच्या नमुन्यांचं काय? डाळिंबावर काम आहे.

तेल्या रोगाचे जिवाणू किंवा रोपाचा भाग सामानात टाकून नेऊ नका. जैवविविधता कायदा २००२ खाली भारतातली जैविक सामग्री परदेशी संस्थेला देण्यावर निर्बंध आहेत आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया वेळखाऊ आहे. शक्य तेव्हा नमुन्यांवरचं काम इथे करून आकडेवारी घेऊन जा.

समाजशास्त्रवाल्यांनाही एक अट आहे. विडी कामगार बायकांच्या मुलाखती तिकडच्या विद्यापीठाच्या नावाने वापरायच्या असतील, तर अमेरिकेत संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता लागू शकते. मुलाखती झाल्यावर मागितलेली मान्यता सहसा मिळत नाही.

पैसे कुठून येतील?

यूजीसी जेआरएफ किंवा राज्य सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांपैकी एखाद्याची फेलोशिप घेत असाल, तर परदेशी शिष्यवृत्तीच्या महिन्यांत मूळ रक्कम सुरू राहील की स्थगित होईल, हे त्या संस्थेकडून लेखी घ्या. एकाच महिन्याच्या निर्वाहासाठी दोन ठिकाणचे पैसे घेतले तर वसुली निघते, आणि ती नेमकी प्रबंध सादर करायच्या सुमाराला निघते. शिष्यवृत्ती मिळाली तरी पहिली रक्कम पोचल्यानंतर हाती येते. घराची अनामत, व्हिसा, पहिल्या महिन्याचं खाणंपिणं यासाठी हाताशी पैसे ठेवावे लागतात.

पासपोर्ट, व्हिसा, विमा?

पासपोर्टसाठी सोलापूर पुण्याच्या प्रादेशिक कार्यालयाखाली येतं. नावाचा घोळ इथेच सुरू होतो. आपल्या गुणपत्रिकांवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींच्या आधारवर एक आणि पदवीवर दुसरं नाव असतं. आमंत्रणपत्र, शिष्यवृत्ती आणि व्हिसाचे कागद हे सगळं पासपोर्टवरच्या नावाप्रमाणेच करून घ्या आणि जुन्या नावासाठी राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र जवळ ठेवा.

अमेरिकेचा जे-१ (एक्स्चेंजवर येणाऱ्यांचा) व्हिसा असेल तर यजमान संस्था डीएस-२०१९ हा कागद पाठवते, तो आल्याशिवाय मुलाखतीची वेळ घेऊ नका. मुलाखत मुंबईत बीकेसीला. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरून थेट मुलाखतीला जाणं टाळा, आदल्या दिवशीच पोचा. मोबाइल आणि लॅपटॉप आत नेता येत नाहीत. जे-१ वाल्यांना प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १ लाख डॉलरचं विमा संरक्षण लागतं. सरकारी पैशांतून गेलेल्यांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होऊ शकते, ती न पाळता तिकडे एच-१बी किंवा कायम वास्तव्य मागता येत नाही. युरोपातल्या शेंगेन देशांत ९० दिवसांपर्यंत अल्पकालीन व्हिसा चालतो आणि त्याला किमान ३० हजार युरोंचा विमा लागतो. त्याहून जास्त राहायचं तर राष्ट्रीय व्हिसा, आणि तो मिळायला जास्त वेळ.

परत आल्यावर भरतीत गुण मिळतात का?

थेट फारसे नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमांतल्या छाननी तक्त्यात ‘एक्स्चेंज’ असा रकानाच नाही. कॉलेजसाठीच्या तक्त्यात पीएच.डी.ला २५, संशोधन लेखाला प्रत्येकी २ (कमाल ६), अध्यापन किंवा पोस्ट-डॉक अनुभवाला वर्षाला २ (कमाल १०) गुण आहेत. म्हणजे एक्स्चेंजमधून चांगला लेख निघाला तर त्याचे गुण मिळतील. शिवाय राज्यातले भरतीचे निकष बदलत आले आहेत, त्यामुळे जाहिरातीसोबतचा तक्ताच अंतिम माना.

उपयोग होतो तो मुलाखतीत आणि प्रात्यक्षिक पाठात. त्यासाठी चार कागद तयार ठेवा: शिकवण्याच्या भूमिकेचं दीड पानाचं टिपण, स्वतः आखलेला एक अभ्यासक्रम, गुणदानाचा एक तक्ता आणि यजमान अध्यापकाचा लेखी अभिप्राय. ‘परदेशात सहा महिने होतो’ यावर समिती पुढचा प्रश्न विचारत नाही. ‘साठ मुलांच्या वर्गात लेखी उत्तरं आठवड्यात कशी तपासून द्यायची याची ही पद्धत’ म्हटलं की विचारते.

तासिका तत्त्वावर शिकवलं असेल तर अनुभवाचा दाखला, नियुक्तीपत्र आणि विद्यापीठाची मान्यता तिन्ही एकत्र ठेवा. मान्यता नसलेला अनुभव छाननीत गळतो.

नेट-सेट अजून झालेली नाही. आधी काय?

आधी नेट किंवा सेट. ३० जून २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी. अनिवार्य राहिलेली नाही, नेट, सेट किंवा स्लेट हा किमान निकष झाला. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. पहिल्या पेपरमध्ये अध्यापन आणि संशोधनाची अभिवृत्ती तपासतात, त्यामुळे एक्स्चेंजची तयारी आणि ही तयारी काही अंशी एकच होते. परीक्षेची तारीख मुक्कामात येणार नाही ना, तेवढं पाहा.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीत शिकवायला जमेल?

अर्जाला भाषाचाचणी लागते का ते पाहा. लागत असेल तर पुण्यात केंद्रं आहेत. वर्गातलं इंग्रजी मात्र वेगळं असतं. विषय येत असतो, ‘याचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग’, ‘आणखी कोणी?’, ‘आधीच्या मुद्द्याकडे परत येऊ’ अशी जोडवाक्यं पटकन सुचत नाहीत. पंधरा मिनिटांचा पाठ मोबाइलवर रेकॉर्ड करून तीन-चारदा ऐका. आणि मराठी, कन्नड किंवा तेलुगू येणं ही अर्जात लपवायची गोष्ट नाही. बहुभाषिक वर्गाचा अनुभव म्हणून ती ठळक लिहा.

मार्गदर्शक ‘आत्ता नको’ म्हणतात.

कारण विचारा. बहुतेकदा काळजी असते ती आढावा बैठक चुकण्याची आणि प्रकरण लांबण्याची. जाण्याआधी कोणतं प्रकरण देणार, तिकडून दर पंधरा दिवसांनी काय पाठवणार आणि परतल्यावर किती दिवसांत काय सादर करणार, याचं एक पान लिहून न्या. त्यांचं नाव संयुक्त लेखात कुठे येईल हेही आधीच बोलून घ्या, नंतर ते बोलणं अवघड जातं.

पैसे भरून ‘इंटरनॅशनल फॅकल्टी एक्स्चेंज’चं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांचे मेसेज येतात. घ्यावं का?

नाही. निवड न करता सगळ्यांना आमंत्रण येतं, शुल्क वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर मागितलं जातं, यजमान विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या कार्यक्रमाचा मागमूस नसतो. शंका असेल तर यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला त्यांच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल करून विचारा. पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.